नाल्यात पातळीचा सेन्सर बसवायचा तर परवानगी नेमकी कोणाकडे मागायची?

मृदुला_बीविंग

मंडळी, नमस्कार. मुंबईला लागून असलेल्या एका महापालिकेच्या हद्दीत आमची सोसायटी आहे. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आमची आणखी कामं त्याच वॉर्ड ऑफिसात पडून आहेत. तीन विंग, मागच्या कंपाउंडला चिकटून नाला, नाल्यापलीकडे बैठ्या घरांची वस्ती आणि खालच्या अंगाला रस्त्याखालची जुनी मोरी. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की मोरीतून पाणी पुढे सरकत नाही. आधी ते वस्तीत शिरतं, मग आमच्या पार्किंगमध्ये. गाड्यांचं एक वेळ सोडा, मीटर रूम आणि पाण्याचे पंपही तिथेच आहेत.

ए विंगमधल्या इंजिनिअरिंगच्या मुलीने एक यंत्र तयार केलं. प्लास्टिकचा डबा, त्याच्या पोटाला अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) सेन्सर, आत सिमकार्ड, वर वहीएवढं सोलर पॅनल. मोरीच्या कठड्याला क्लॅम्पने अडकवलं. पाणी ठरावीक रेषेपर्यंत चढलं की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. पंधरा मिनिटं आधी कळलं तरी वॉचमन गाड्या काढायला सांगतो, मेन स्विच पाडता येतो. जुलैत त्याने चोख काम केलं. ऑगस्टमध्ये डबा गायब! चौकशी केली तर वॉर्डाच्या माणसांनी काढून नेलेला. कारण काय, तर पालिकेच्या मालमत्तेवर विनापरवाना वस्तू.

ठीक आहे, मग परवानगी द्या म्हटलं. ड्रेनेज म्हणतं मोरी रस्ते विभागाची. रस्तेवाले म्हणतात, सिमकार्ड आहे ना, मग आयटीकडे जा. आयटीने आपत्ती कक्षाकडे पाठवलं. कक्षातले गृहस्थ फार सौजन्याने बोलले आणि म्हणाले, हा स्मार्ट सिटी कंपनीचा विषय. त्या कंपनीच्या ऑफिसात आता कोण बसतं, हे कक्षालाही सांगता आलं नाही.

दुसरा प्रश्न आमच्या टाकीचा. बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्रासाठी बांधलेली पावसाच्या पाण्याची मोठी टाकी आहे. एका कंपनीचा प्रस्ताव आलाय: टाकीला मोटरची झडप बसवायची, हवामानाचा अंदाज बघून पाऊस यायच्या आधीच टाकी आपोआप रिकामी करायची, म्हणजे ऐन पावसात गच्चीचं पाणी टाकीत थांबेल आणि नाल्यावर भार येणार नाही. कमिटीत दोन तट पडलेत. माझी नोकरी बँकेत गेली, सही करण्याआधी शंका काढायची खोड आहे. पाणी सोडलं आणि पाऊस आलाच नाही, तर टँकरचे पैसे कोण देणार? आणि सोडलेलं पाणी खाली कोणाच्या घरात शिरलं, तर नोटीस कोणाच्या नावाने येणार? कंपनीच्या, की सेक्रेटरी म्हणून माझ्या?

खड्डेबहाद्दर

आधी नालेसफाई करा म्हणावं. दर वर्षी पैसे निघतात, गाळ निघत नाही. सेन्सर कसले लावताय.

नाना_निवृत्त

मृदुलाताई, पर्जन्य जलवाहिन्यांच्या कामात नोकरी घालवून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. वरच्या गृहस्थांचं गाळाबद्दलचं म्हणणं खोटं नाही, पण तुमचा प्रश्न वेगळा आहे.

डबा काढणाऱ्याचा राग बाजूला ठेवा आणि तिथल्या कनिष्ठ अभियंत्याच्या खुर्चीत बसून बघा. आज नाला भरला की तो अहवालात एक ओळ लिहितो, 'अतिवृष्टी व भरतीमुळे पाणी साचले'. विषय संपला. तुमचा सेन्सर मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो. उद्या दुर्घटना झाली की चौकशीत ती नोंद टेबलावर येणार: पाणी १:४० ला धोक्याच्या रेषेवर होतं, पंप ३:१० ला सुरू झाला, मधला दीड तास तुम्ही कुठे होता? आता गंमत बघा. आकडा आल्यावर कोणी, किती वेळात, काय करायचं, हे कुठल्याही आदेशात लिहिलेलं नाही. म्हणजे काम वाढलं नाही, अधिकार मिळाला नाही, फक्त दोष लागायची सोय झाली. सेन्सर हा साक्षीदार आहे आणि आमच्या खात्यात साक्षीदाराला कोणी आपणहून चहा पाजत नाही. म्हणून सांगतो, सेन्सरची परवानगी मागत फिरू नका, आधी आदेश मागा: हा आकडा कोणत्या पदावरच्या माणसाने बघायचा आणि बघून काय करायचं. तो कागद निघाला की डब्याला कोणी हात लावणार नाही.

तुम्हाला पाच दारं दाखवली, ती सगळीच टाळाटाळ नाही. निम्मी खरोखर तशीच रचना आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली, त्यात नगरपालिकांचे अठरा विषय आहेत. पाणीपुरवठा आहे, स्वच्छता आहे, दिवाबत्ती आहे, कोंडवाडे आणि कत्तलखानेही आहेत. पावसाच्या पाण्याचा निचरा मात्र त्या यादीत नावाने सापडत नाही. तो आहे राज्य सूचीच्या १७ व्या नोंदीत, पाटबंधाऱ्यांच्या शेजारी. महाराष्ट्राच्या १९४९ च्या महापालिका अधिनियमात गटारं बांधणं आणि राखणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, त्यामुळे जबाबदारी पालिकेची यात वाद नाही. पण पाण्याची वाट एका मालकाची नसते. मिठी नदीचंच घ्या. १७.८४ किलोमीटर लांबी, तिच्यात ११.८४ किलोमीटर मुंबई पालिकेकडे आणि ६ किलोमीटर एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. शिवाय रेल्वेखालच्या मोऱ्या रेल्वेच्या, विमानतळाचा भाग त्यांचा. पुण्यात २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्याच्या विसर्गाचा इशारा कोणी कोणाला कधी दिला यावरून पाटबंधारे आणि पालिका यांची जाहीर जुंपली होती. धरणातून सोडलेलं पाणी मोजून सोडलेलं असतं. आकड्याची वाण नव्हती. तो आकडा कोणाच्या हातात पडायला हवा होता, यावर भांडण होतं.

आता झडपेबद्दल. इथे मात्र मी पालिकेच्या बाजूने बोलणार. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेली, तीही ओहोटी असताना. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने (मुंबईच्या पावसाळी गटारांच्या सुधारणेचा आराखडा) तो आकडा ५० वर न्यायला सांगितला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा दोन्ही आकडे कुठल्या कुठे राहिले. मुंबईच्या १८६ पातमुखांपैकी (गटारं जिथे समुद्रात किंवा खाडीत उघडतात ती तोंडं) ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, १३५ त्या पातळीच्या वर पण भरतीच्या खाली, आणि भरतीच्या वर फक्त ६. तुमचं शहरही त्याच खाडीला पाणी देतं, असं धरून चालतो. अशा ठिकाणी पाणी किती सोडता याच्याइतकंच केव्हा सोडता हे महत्त्वाचं. तुमची झडप अंदाज बघते. तिला भरतीचं कोष्टक माहीत आहे का, हे कंपनीला विचारा. एका सोसायटीने भरतीच्या तोंडावर टाकी सोडली तर नाल्याला कळणारही नाही. शंभर सोसायट्यांच्या झडपा एकाच अंदाजावर एकदम उघडल्या, तर पावसाआधीच मोरी भरेल. शंभर जणांचं वेळापत्रक लावणारा कोणी तरी हवा, आणि ते पद आज कुठल्याच पालिकेच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, मी पाहिलेलं नाही.

आणि नियम तर झडपेच्या उलट्या दिशेने लिहिलेला आहे. युनिफाइड डीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. म्हणजे पाणी धरा, वापरा, मुरवा. पुरासाठी मात्र टाकी रिकामी असायला हवी. नियमाला टाकी दिसते, टाकी चालवण्याची पद्धत दिसत नाही. तपासणीला येणारा माणूस खड्डा आहे का बघतो, फोटो काढतो, जातो. उद्या त्याने ऐन जुलैत रिकामी टाकी पाहिली आणि 'यंत्रणा वापरात नाही' असा शेरा मारला, तर तुम्ही त्याला सॉफ्टवेअर दाखवणार का?

ॲड_कोर्टनाका

नानांनी मूळ दुखणं सांगितलंच आहे, मी कायद्यापुरतं बोलतो.

ताई, ग्रुपवर जाणाऱ्या मेसेजची भाषा आजच बदला. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार घबराट पसरेल असा खोटा इशारा देणं किंवा फिरवणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. चुकलेल्या सेन्सरवरून कोणी सोसायटीवर खटला भरेल असं मला वाटत नाही, पण नाराज माणसाला तक्रार करायला तेवढं पुरतं. 'पूर येतोय, गाड्या काढा' असं यंत्राने म्हणू नये. 'मोरीत पाणी कठड्याखाली ६० सेंटिमीटर, वेळ ०१:४०' इतकंच म्हणावं. मोजमाप सांगा, निष्कर्ष वाचणाऱ्याने काढावा.

नोंदी पुढे विमा दाव्यात किंवा कोर्टात वापरायच्या असतील, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ बघा. १ जुलै २०२४ पासून तेच लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक नोंद सादर करणाऱ्याचं, दुसरं तज्ज्ञाचं, आणि त्यात हॅश मूल्य (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा तिचा संगणकी ठसा) द्यावं लागतं. पुरवठादाराच्या करारात 'मागितल्यावर प्रमाणपत्र देऊ' हे आधी लिहून घेतलं नाही, तर नंतर तो फोन उचलत नाही.

झडपेच्या नोटिशीचं म्हणाल, तर ती सोसायटीच्या नावाने येईल, सेक्रेटरीमार्फत. टाकी तुमची, पाणी तुमचं, सोडलं तुमच्या आवारातून. कंपनीचा करार मला पाठवू नका, न बघताच सांगतो: शेवटून दुसऱ्या पानावर 'आमची जबाबदारी वार्षिक शुल्काच्या रकमेपुरती' असं कलम असेल. तुमच्या जबाबदारीला तशी मर्यादा नाही. शिवाय टाकीत सांडपाणी मिसळत असेल, तर जल अधिनियम, १९७४ चं कलम २४ आड येतं, ते दूषित पाणी नाल्यात सोडायला मनाई करतं. पार्किंगचं पाणी त्याच टाकीत जातं का, हे बघून घ्या.

पातळीमापक

मी असे सेन्सर पालिकांना पुरवतो, म्हणून नाव लपवून लिहितोय.

पोरीला सांगा, अल्ट्रासॉनिकवर मोरीत विसंबू नये. कोळी त्या सेन्सरच्या तोंडाशीच जाळं विणतो आणि यंत्र समजतं की पाणी छताला लागलं. गणपतीनंतर थर्माकोलचे तुकडे तरंगत येतात, तेव्हा पाणी एकीकडे आणि आकडा भलतीकडे. रडार सेन्सर महाग पडतो, पण टिकतो. सिम तिच्या नावावर साधं असेल तर तेही बदला. यंत्रांसाठी तेरा आकडी क्रमांकाची वेगळी एमटूएम सिमं असतात, ती संस्थेच्या नावावर घ्या.

पालिकेकडून हे का होत नाही, त्याचं अर्धं उत्तर मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहून बिल काढायच्या एमबीत आहे. एमबीत मीटर लिहिता येतात, घनमीटर लिहिता येतात, नग लिहिता येतात. 'महिनाभर आकडा अखंड आला' हे कुठल्या रकान्यात लिहायचं? डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी दरसूचीत, आमचा आयटमच नसतो. मग तीन कोटेशनं, दरपृथक्करण, लेखा विभागाचा शेरा, आणि शेवटी सगळ्यात कमी दर. बसवायचे पैसे भांडवली खर्चातून मिळतात, कारण फीत कापता येते. सिमचं रिचार्ज, बॅटरी आणि जाळं काढणारा माणूस महसुली खर्चात मोडतो, तिथे हात आखडतो. दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) संपला की खांब उभा असतो आणि डॅशबोर्ड बंद. स्मार्ट सिटी अभियान २०१५ च्या जूनमध्ये सुरू झालं, ३१ मार्च २०२५ ला संपलं. कंपन्यांकडून पालिकांकडे मालमत्ता सोपवताना यादीत 'सेन्सर, नग इतके' असतं, पासवर्ड नसतो.

आमच्या धंद्यातल्यांचंही सांगतो. काही जण आकडे स्वतःच्या क्लाउडवर ठेवतात आणि बिल थकलं की दार लावून घेतात. निविदेत 'सर्व आकडेवारी पालिकेच्या मालकीची' ही ओळ असली पाहिजे. आणि २०२२ पासून सर्ट-इनचे (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) निर्देश आहेत, सायबर हल्ला झाला तर सहा तासांत कळवायचं, त्यात अशी यंत्रंही येतात. झडप इंटरनेटवर असेल, तर ती दुसऱ्या कोणी उघडू शकतो का, हे विचारणं वेडेपणाचं नाही.

पलीकडचा_काठ

मी नाल्याच्या काठावर राहतो. तुमच्याच असेल असं नाही, असे नाले पुष्कळ आहेत.

आमच्याकडे कोणी टेप आणि कॅमेरा घेऊन आलं की पाठोपाठ नोटीस येते, हा अनुभव आहे. त्यामुळे कठड्यावर नवा डबा दिसला की लोक विचारतात, आता काय मोजायला आले? पाणी मोजताय हे चांगलंच आहे, पण विचारलंत का आम्हाला? तुम्हीच लिहिलंय की पाणी आधी वस्तीत येतं. मेसेज मात्र बिल्डिंगच्या ग्रुपवर. आमच्यातल्या दोन-चार पोरांचे नंबर घातले असते, तर म्हाताऱ्यांना पाच मिनिटं आधी हलवलं असतं.

आणि वकीलसाहेब, ती टाकी सोडतील तेव्हा पाणी कोणाच्या दारात? कागदावर 'नाल्यात सोडले' असं असेल. कॅमेरा लावणार असाल तर तो पाण्याकडे तोंड करून लावा, आमच्या दारांकडे नको. तो फोटो उद्या अतिक्रमणवाल्यांकडे जाणार नाही, हे लिहून देणार का कोणी?

इंडियानाकर

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या, साउथ बेंड शहराचं उदाहरण नानांच्या मुद्द्याला धरून आहे, म्हणून सांगतो. तिथे पाऊस आणि सांडपाणी एकाच नळातून जातं, जोराचा पाऊस झाला की मिसळलेलं पाणी नदीत सुटतं. नोत्र दाम विद्यापीठातल्या संशोधनातून शहराने मॅनहोलमध्ये सेन्सर आणि आपोआप चालणाऱ्या झडपा बसवल्या, नळांची रिकामी जागा वापरून पाणी थोपवलं आणि नदीत जाणारं घाण पाणी खूप कमी केलं. पण २०११ च्या अखेरीस केंद्राच्या पर्यावरण संस्थेशी जो न्यायालयीन करार झाला, त्यात शहराने कोणत्या टाक्या आणि नळ बांधायचे याची यादी होती. सॉफ्टवेअरने तोच परिणाम साधला तरी यादी तशीच उभी. ती बदलून घ्यायला शहराला वर्षानुवर्षांचे आकडे घेऊन पुन्हा वाटाघाटीला बसावं लागलं. इथे निदान करार तरी होता, चुकलं तर दंड कोणाला हे ठरलेलं होतं, म्हणून शहराला आकडे गोळा करण्यात फायदा दिसला. आपल्याकडे पाणी तुंबल्याचा दंड कोणालाच नाही, मग आकडा हवा कोणाला?

मृदुला_बीविंग

सगळ्यांचे आभार. पलीकडच्या काठावरच्या भाऊंचं म्हणणं बिनतोड आहे, नंबर आजच मागवते. झडपेचा प्रस्ताव मी कमिटीत या पावसाळ्यापुरता बाजूला ठेवायला सांगणार आहे. पार्किंगचं पाणी त्याच टाकीत जातं, हे प्लंबरने आत्ताच सांगितलं. नाना, पत्र कोणाच्या नावाने लिहू? आणि तोपर्यंत पावसाळा थांबणार नाही, मुलीकडे दुसरा डबा तयार आहे.

नाना_निवृत्त

पत्र आयुक्तांच्या नावाने, प्रत आपत्ती कक्षाला. आपत्ती कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती झाली, महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमायची तरतूद आता आहे. आपल्या शहरात ते नेमलंय का, त्याच पत्रात विचारा. परवानगी हा शब्द वापरू नका. 'सोसायटी हे उपकरण महापालिकेस विनामूल्य देऊ इच्छिते, ते ताब्यात घेऊन त्याचा आकडा पाहण्यासाठी जबाबदार अधिकारी नेमावा' असं लिहा. दान म्हटलं की फाइल बनते, आणि फाइलला उत्तर द्यावं लागतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्येच शहरांत दर ४ चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा असं सुचवलंय, त्याचा हवाला द्या. मार्गदर्शक सूचना आहे, बंधन नाही, पण टिपणी लिहिणाऱ्याला आधार मिळतो.

डबा मात्र मोरीवर लावू नका. तुमच्याच कंपाउंडच्या भिंतीवर, तुमच्या बाजूला ब्रॅकेट घ्या, सेन्सर नाल्याकडे झुकू दे, पण नाल्यात काही उभं करू नका. भिंतीवरचा बिंदू आणि मोरीचा तळ यांचा फरक एखाद्या सर्व्हेअरकडून डंपी लेव्हलने (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) काढून घ्या, म्हणजे भिंतीवरच्या आकड्यावरून मोरीची पातळी कळेल. भिंतीवर नाल्याच्या बाजूने फूटपट्टीसारख्या रेषा रंगवा, पलीकडून वाचता येतील एवढ्या मोठ्या. बॅटरी गेली तरी रेषा राहतात.

ॲड_कोर्टनाका

आणि पत्राची पोच हातोहात, आवक क्रमांकासह. ईमेलवर भागवू नका.

मृदुला_बीविंग

सोमवारी देते. रेषांसाठी ऑइल पेंट चालेल, की पाण्यात टिकणारा दुसरा कुठला घ्यावा?

पातळीमापक

इपॉक्सी घ्या. पिवळ्यावर काळे आकडे.